बायजी मुत्सद्दी

तलासरीत महिला दिनाच्या कार्यक्रमात डहाणूच्या पुष्पाबाईंनी माइकवरून बायजीला ‘मुत्सद्दी’ म्हटलं आणि बायजीच्या डोक्याला भुंगा लागला. शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या तर अशा पडल्या की मागच्या रांगेत पेंगणाऱ्या बायाही दचकून टाळ्या पिटायला लागल्या. बायजी हसली, हात जोडले, फोटोला उभी राहिली. पण स्टेजच्या पायऱ्या उतरताना तिच्या मनात एकच चाललं होतं, की बाई आपल्याला नेमकं म्हणाल्या तरी काय?

आता ही बायजी कोण ते सांगायला हवं. वेवजीच्या पाड्यावर राहणारी, चिकूच्या वाडीत कामाला जाणारी, पंचेचाळिशी उलटलेली बाई. अंगानं ठेंगणी, आवाजानं खणखणीत. पोट चालायचं मजुरीवर, पण नाव झालं ते लग्नं जुळवण्यात. वेवजी म्हणजे तालुक्याचं अगदी टोक. बांध ओलांडला की गुजरात. सरकारनं मधे रेघ मारली म्हणून मामाची पोर काही परकी होत नाही, त्यामुळे सोयरिकी दोन्ही अंगांना. आणि सोयरिकी आल्या की रुसवेफुगवे आले, रुसवेफुगवे आले की बायजी आली.

तिची एक रीत होती. दोन्हीकडच्यांत जो जास्त ओरडत असेल त्याच्या घरी आधी जेवायला जायचं. जेवताना विषय काढायचा नाही. भाताची, कोंबड्यांची, पोराबाळांची चौकशी करायची, आणि हात धुता धुता एकच वाक्य टाकून निघायचं. ते वाक्य मग रात्रभर त्या माणसाला झोपू द्यायचं नाही.

पुष्पाबाईंनी भाषणात सांगितलेला किस्सा तर सगळ्या पट्टीला तोंडपाठ आहे. पलीकडच्या एका लग्नात म्हातारे अडून बसले, की देवाला दारूची धार दाखवल्याशिवाय लग्न लागणार नाही. आणि गुजरातेत दारूबंदी! नवऱ्याचा बाप म्हणाला, पोलीस मला मांडवातून उचलतील. मुलीचा काका म्हणाला, मग देव मांडवात येणार नाही. दोन दिवस नुसती हमरीतुमरी. बायजीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, देवाला यायला काय पासपोर्ट लागतो? नवऱ्याची मावशी अलीकडे वेवजीत राहते. आदल्या दिवशी तिच्या अंगणात देव बसवा, धार दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कोरडे ठणठणीत पलीकडे जा. तसंच झालं. देवाची हरकत नव्हती, पोलिसांची नव्हती, आणि आदल्या रात्री मावशीच्या अंगणात जी गर्दी झाली तिची तर मुळीच नव्हती.

तर अशी ही बायजी. घरी आल्याबरोबर तिनं शाल खुंटीला टांगली आणि पोरीला विचारलं, मुत्सद्दी म्हणजे काय गं? दक्षा तिची एकुलती एक. तलासरीला औषधांच्या दुकानात कामाला, शिकलेली, मोबाइलवर अंगठा फिरवण्यात तरबेज. तिनं बघून सांगितलं, की दोन देशांची भांडणं लागली तर जी माणसं बसून बोलणी करतात, तह करतात, सह्या करतात, ती मुत्सद्दी. कोट घालून विमानानं फिरतात.

बायजीचा नवरा सुकऱ्या दारात विडी ओढत होता. तो म्हणाला की कोटाचं बघू, पण तहाला जाताना रोज घरचा भात आधी शिजव. सुकऱ्या बोलायचा कमी, पण बोलला की असा.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मीठ आणायला गेली तेव्हा बायजीनं दुकानदाराला फुशारकीनं सांगितलं. दुकानदार मूळचा उत्तरेकडचा. तो खो खो हसला. म्हणाला, अरे, आमच्या गावाकडे सावकाराच्या गादीवर बसून लिखापढी करतो त्याला मुत्सद्दी म्हणतात. मुनीम! बायजीचं तोंड उतरलं. विमानातून थेट मुनिमाच्या गादीवर! आणि त्या आठवड्यात पलीकडच्या गावचा रघ्या आला तेव्हा त्यानं ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, “खरी वात छे. तुम्ही पाकी मुत्सद्दी.” त्याच्या बोलण्याचा सूर असा होता की ही बाई तुम्हाला विकून येईल आणि तुम्हीच तिला चहा पाजाल.

एक शब्द, तीन दुकानं, तीन भाव. बायजीला काही उमजेना. पण रघ्या आला होता तो वेगळ्याच कामाला, आणि तिथंच खरं घोडं अडणार होतं.

रघ्याचा मुलगा धनेश सरीगामच्या कारखान्यात होता. त्याचं आणि दक्षाचं आधीच जमलं होतं; जुळवायला कोणी लागलं नाही याचं बायजीला थोडं वाईटच वाटलं होतं. आपल्याच पोरीची बोलणी आपण करायची नसतात, म्हणून पाड्यावरचा म्हातारा तुक्या मधे बसला. रघ्या माणूस मोकळा. त्यानं दोन वेळा हसून आणि एकदा हळूच डोळे पुसून सगळं कबूल केलं. बायजीला ‘वेवाण’, म्हणजे विहीणबाई, म्हणायलाही लागला. वैशाखात लग्न ठरलं.

मग लग्न लावणाऱ्या म्हातारीला, म्हणजे धवलेरी शुक्रीला, बायजी आणि सुकऱ्या सांगायला गेले. शुक्रीनं पान जुळवलं, चुना लावला, तोंडात टाकलं आणि विचारलं की पोरीच्या आईबापाचं लग्न कधी लागलं?

सुकऱ्या खिशात विडी चाचपायला लागला. लग्न लागलंच नव्हतं.

आमच्याकडे यात लाजण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. माणसं एकत्र राहतात, संसार करतात, पोरं होतात, आणि लग्नाचा मांडव कधी हाताशी चार गोष्टी जमल्या की घालतात. कोणाचा वर्षात पडतो, कोणाचा विसाव्या वर्षी. बापलेकाची लग्नं एकाच मांडवात लागलेली पाड्यानं पाहिली आहेत आणि पाडा दोन्हींचं जेवूनही आला आहे. सुकऱ्या आणि बायजी गवतकापणीच्या कामावर भेटले, तिथूनच ती त्याच्याबरोबर वेवजीला आली. मांडव घालू घालू म्हणता दक्षा झाली, मग घर शाकारायचं आलं, मग हे आलं, ते आलं. जगाची लग्नं लावत फिरणारी बायजी, आणि तिचं स्वतःचंच राहिलं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

पण शुक्रीचं म्हणणं बरोबर होतं. ज्या आईचं लग्न लागलेलं नाही तिला लेकीच्या मांडवात बसता येत नाही. हळद लावायची ती दुसरीनं, हात हातात द्यायचा तो दुसरीनं. बायजीनं कुडापाशी उभं राहून बघायचं. उपाय सोपा होता. दक्षाच्या लग्नाआधी चार दिवस या दोघांचं लावून टाकायचं. फक्त बायजीच्या माहेरचं माणूस पाहिजे. मुलगी द्यायला मुलीकडचं कोणीतरी हवं ना?

आणि माहेरचं म्हणजे एकच माणूस होतं, सायवनकडचा तिचा मोठा भाऊ, सुदाम. आईबाप केव्हाच गेलेले. बायजी वेवजीला आली तेव्हापासून या भावानं तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. ती दोनदा दक्षाला कडेवर घेऊन गेली होती. सुदामनं खाऊ घातलं, पोरीच्या हातात कणीस दिलं, पण बहिणीशी चार शब्द धड बोलला नाही. पळून गेली म्हणून राग आहे, असं बायजी समजली आणि मग तिनंही जाणं सोडलं.

दक्षाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, की आई मांडवात नसेल तर मला तो मांडवच नको, आपण तलासरीला जाऊन कोर्टात सह्या करू. बायजीनं तिला दटावलं. म्हणाली, एवढ्या लोकांची लग्नं लावली, माझं कसं होणार नाही? आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

तिनं तुक्याला सायवनला पाठवलं. त्याला नीट पढवलं, की आधी जेव, भाताचं विचार, कोंबड्यांचं विचार, आणि निघताना सांग, की वैशाखात भाचीचं लग्न आहे, त्याआधी बहिणीचंही उरकून घेतोय, तर मामानं यावं. तुक्या संध्याकाळी परत आला तो पोट तुडुंब भरलेला आणि हात हलवत. सुदामनं कोंबडं कापलं होतं. भाताची माहिती दिली, कोंबड्यांची दिली. निमंत्रणावर मात्र ‘हूं’ एवढंच म्हणाला. ‘येतो’ही नाही, ‘येत नाही’ही नाही, नुसतं हूं.

बायजी अख्ख्या पट्टीची हूं ओळखायची. होकाराची, नकाराची, पोरगी काळी आहे म्हणून नाक मुरडायची, दोन पोती भात आणखी मागायची. या एका हूंचा मात्र तिला काही थांग लागेना.

ती आणखी कोणाला पाठवायचं याचा विचार करत बसली. रघ्या जायला तयार होता. धनेश मोटारसायकल काढून तयार होता. शुक्रीसुद्धा म्हणाली की मी जाते, मला नाही म्हणायची कोणाची छाती नाही. सुकऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, की तू का जात नाहीस? बायजी त्याच्यावर उखडली. मुलीनं कधी स्वतःचं बोलणं स्वतः करायचं असतं का? एवढंही कळत नाही? सुकऱ्यानं विडी पेटवली.

त्याच दरम्यान तिला डहाणूला जायचं काम निघालं. दक्षाच्या साड्या बघायच्या होत्या. डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या गर्दीतून दोन दुकानं पालथी घालून झाल्यावर तिला आठवलं, की पुष्पाबाई इथंच जवळ राहतात. भुंगा अजून डोक्यात होताच. गेली.

पुष्पाबाई शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलेलं. शब्दाचा अर्थ विचारायला कोणी घरी चालत आलंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे त्यांनी आधी सरबत दिलं. बायजीनं आपली कैफियत मांडली. दक्षा म्हणते विमानवाला, दुकानदार म्हणतो मुनीम, रघ्या म्हणतो लबाड. तुम्ही माइकवरून मला यातलं काय म्हणालात ते सांगा.

पुष्पाबाई हसल्या. म्हणाल्या, तिघंही बरोबर आहेत. शब्द अरबस्तानातून निघाला, फारसीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. मोगलांच्या अमदानीत सरकारी कारकुनाला, हिशेबनिसाला मुत्सद्दी म्हणत. आणि तुमच्या वेवजीवरून सरळ वर गेलं तर सुरत. तिथल्या बंदराचा जो मोठा अंमलदार असे त्यालाही मुत्सद्दीच म्हणत. जहाजं यायची, दहा देशांचे व्यापारी यायचे, सगळ्यांशी त्यालाच निभवावं लागे. मराठ्यांच्या दरबारातही तसंच झालं. जी माणसं खलिते लिहायची, त्यांनाच राजकारणाची नस कळायची. मग लिहिणारेच बोलायला जाऊ लागले, बोलणारे तह करू लागले, आणि शब्दाला बढती मिळाली. उत्तरेकडे तो कारकूनच राहिला, आपल्याकडे आणि गुजरातेत साहेब झाला.

बायजीला हे फार आवडलं. शब्दाला बढती मिळते म्हणजे बरंय. तिनं विचारलं, की पण त्या अरबस्तानात, कारकुनाच्याही आधी, तो काय होता?

पुष्पाबाईंनी जरा विचार केला. उठून एक जाडजूड कोश काढला, चष्मा लावला, पानं उलटली.

“समोर होणारा,” त्या म्हणाल्या. “एखाद्या गोष्टीकडे तोंड करून उभा राहणारा. हे काम माझं म्हणून अंगावर घेणारा. मुळात तेवढंच.”

बायजीनं सरबताचा ग्लास खाली ठेवला.  पुष्पाबाईंना वाटलं सरबत आंबट झालं. त्यांनी साखर आणू का विचारलं. बायजी नको म्हणाली, पदर खोचला, आणि साड्यांची पिशवी तिथंच विसरून निघाली. पुष्पाबाई जिन्यापर्यंत पिशवी घेऊन धावल्या.

गाडीत तिला स्वतःचाच संताप आला. रीत कसली नि काय कसली! रीतीच्या गाठी सोडवत तर आपण आयुष्य काढलं. देवाला हद्दीच्या अलीकडे आणताना नाही आडवी आली रीत. खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिला बसल्या जागी लख्ख दिसलं. तिला भीती वाटत होती. तुक्याला नाही म्हटलं तर ते तुक्याला नाही. आपण समोर उभं राहिल्यावर दादा नाही म्हणाला, तर ते आपल्यालाच, आणि मग पुन्हा पाठवायला कोणी उरत नाही.

घरी आल्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तलासरीहून उधव्याची गाडी धरली, पुढे टमटम केली, आणि उन्हं चढायच्या आत सायवनच्या अलीकडच्या टेकाडावर भावाच्या अंगणात उभी राहिली. शेतं रिकामी पडली होती, मोहाची फुलं वेचून वाळत घातली होती, आणि सुदाम ओट्यावर बसून दोरी वळत होता. केस पिकले होते.  तिच्या डोळ्यांपुढचा दादा अजून काळ्या केसांचाच होता.

“आलीस?” तो म्हणाला.

“आले,” ती म्हणाली.

भावजय भिकी आतून धावत आली, तिला ओढून आत नेलं, पाणी दिलं, भाकरी टाकायला घेतली. बायजीनं सगळं ठरवून आणलं होतं. जेवण झाल्यावर ती ओट्यावर आली आणि माफी मागितली. तुझ्या नकळत गेले, चुकलं माझं, आता राग सोड, असं सगळं म्हणाली.  सुदामनं दोरीचा पीळ घट्ट केला आणि सांगितलं, की यंदा नाचणी बरी झाली. तिनं पुन्हा सांगितलं, दक्षाचं लग्न आहे, तू आलास तर मला मांडवात बसता येईल. सुदाम म्हणाला, हूं. आणि वरईचं सांगायला लागला.

बायजीचं डोकं सणकलं. एवढं नाक घासलं, आणखी काय पाय धरायचे? ती तरातरा मागच्या दारी गेली. भिकी तिथं भांडी विसळत होती. बायजीनं तिच्यापुढे सगळा राग ओकला. किती वर्षं रागवायचं माणसानं? दगडालासुद्धा पाझर फुटतो. माझी पोर नांदायला निघाली आणि हा अजून तोच राग दळत बसलाय!

भिकीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“तुला कोणी सांगितलं तो रागावलाय?” ती म्हणाली. “तो रागावलाच नव्हता गं कधी. तुझ्या मागणीला कोणी येईल म्हणून वाट बघत बसलाय. पहिल्या वर्षी तर मडकं भरून ताडी ठेवायचा रोज. तुमचं कोणी आलंच नाही.”

“तुक्या आला होता की.”

“तो आमंत्रण द्यायला आला होता, बायजी. मागायला कुठं आला? न मागितलेली बहीण द्यायची कशी?”

बायजी भांड्यांपाशीच बसली. खरंच की! सुकऱ्या लहानपणीच पोरका झालेला, आत्यानं वाढवलेला. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याच्या बाजूनं मागणी घालायला जाणारं कोणी नव्हतं, आणि पुढे पोर कडेवर आल्यावर मागायचं काय राहिलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिनंही. दुसऱ्याच्या लग्नात एवढी पायरी चुकली असती तर हिनं अख्खा पाडा डोक्यावर घेतला असता. मागणीशिवाय आमंत्रण! आणि ते तिनं स्वतः पढवून पाठवलं होतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. भिकीनं पाठीवर थापट्या मारल्या.

मग बायजी उठली. तोंड धुतलं, केस सारखे केले, पदर नीट घेतला. मागच्या दारानं बाहेर पडून, कुंपणाला वळसा घालून, ती पुढच्या वाटेवर आली. चपला हातात घेतल्या, कारण मागणीला येणारा माणूस अंगणात अनवाणी येतो. आणि पहिल्यांदाच या घरी येत असल्यासारखी ती फाटकाशी उभी राहिली.

“घरात कोण आहे का?” तिनं हाक दिली.

सुदामनं वर पाहिलं. त्याचे हात थांबले. मग त्यानं दोरी बाजूला ठेवली, मुंडासं डोक्याला गुंडाळलं आणि ओट्यावर ताठ बसला.

“आहे. कुठून आलात?”

“वेवजीहून.”

“बसा. पाणी घ्या.”

“पाणी नंतर. आधी आलेय ते काम बोलते.” ती ओट्याच्या कडेला बसली, पाहुण्यानं बसावं तितकीच. भिकी दारात येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावला. “आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. रोप लावायचंय. तुमच्या अंगणात चांगलं रोप आहे असं ऐकलं.”

“आहे की नाही कोण जाणे. जागा कशी आहे?”

बायजीनं सुकऱ्याचं वर्णन सुरू केलं. मुलगा कामाला चांगला. आईबाप नाहीत, पण आत्यानं वळण लावलंय. बोलतो कमी. सुदामनं विचारलं, पितो का? बायजी म्हणाली, सणाला, आणि सण जरा जास्त असतात. सुदामनं विचारलं, मारतो का? बायजी म्हणाली, त्याची हिंमत नाही. विड्या ओढतो का? ओढतो, खोटं कशाला सांगू. सुदामच्या मिशीत काहीतरी हाललं, पण त्यानं आवाज कडकच ठेवला. म्हणाला, आमची मुलगी तोंडाळ आहे, आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार घेऊन यायचं नाही. बायजी म्हणाली, मुलाला त्याची कल्पना आहे. सुदाम म्हणाला, आणि हट्टी आहे. घरातून गेली की मागे वळून बघत नाही. बायजीनं मान खाली घातली आणि म्हणाली, बघते, पण दाखवत नाही.

 हे ऐकून सुदामनं मुंडाशाचं टोक डोळ्यांना लावून घेतलं. बायजीला वाटलं झालं, आता हो म्हणतो. अशा बैठकी तिनं ढिगानं जिंकल्या होत्या. समोरच्यानं डोळे पुसले की पुढे काय येतं ते तिला पाठ होतं. तिनं शेवटचं वाक्य तयार ठेवलं होतं.

“माझी काही हरकत नाही,” सुदाम म्हणाला. “घर चांगलं दिसतंय. मागायला माणूसही चांगलं पाठवलंय. पण एक विचारायचं राहिलं.”

“विचारा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ओढा ओलांडताना तिच्यापुढे करायचा तसा एक हात नकळत पुढे आला आणि ओट्यावर, तिच्या हाताशेजारी, टेकला.

“मुलीला विचारलंत का, बाय? तिच्या मनात आहे ना?”

एवढ्या वर्षांत हे बायजीला कोणीच विचारलं नव्हतं. आत्यानं नाही, सुकऱ्यानं नाही, शुक्रीनं नाही. दोन राज्यांच्या हद्दीवर कोणालाही कधीही उत्तर देणाऱ्या त्या बाईनं नुसती मान हलवली, हो म्हणून, आणि हलवतच राहिली.

भिकीनं पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मधे ठेवला.